भूगोलाच्या बाईंचं शंकासमाधान

प्रेमकथा लिहिणारी माणसं जगात पोत्यांनी सापडतील, पण नायक-नायिकेची पहिली भेट घडवण्याआधी दोघांमधलं अंतर पट्टीने मोजणारी बाई पृथ्वीच्या पाठीवर एकच झाली, आणि ती मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमध्ये आमच्याच सोसायटीत, माझ्या डोक्यावर, म्हणजे चौथ्या मजल्यावर राहायची. बाई एका मराठी शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्या सोसायटीत कोणाची टाप नव्हती. निवृत्तीनंतर बायका भजनाला जातात, लोणची घालतात, नातवंडं सांभाळतात. बाईंनी मोबाइलवर एक अद्भुत प्रेमकथा लिहायला घेतली. डोंगरमाथ्यावरच्या राज्याचा पंख असलेला राजपुत्र आणि समुद्राखालच्या राज्याची जलकन्या, असा एकंदर मामला. दर आठवड्याला एक भाग. वाचक काहीशे असतील, पण एकेक असा चिवट की विचारू नका.

वाचक भागाखाली प्रश्न विचारत, आणि इथे बाईंचा शाळेतला नियम आडवा येई. वर्गात एकाही मुलाची शंका शिल्लक असेल तर त्या पुढचा धडा घेत नसत. 'शंका राहिली की वरचा मजला पोकळ,' असं त्यांचं म्हणणं. तोच नियम त्यांनी प्रेमकथेला लावला. सगळ्या शंकांचं समाधान झाल्याशिवाय पुढचा भाग नाही, मग राजपुत्र कड्यावरून लोंबकळत का असेना. रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला त्या जेवणाच्या टेबलाशी बसत, चष्मा चढवत, आलेखाची वही उघडत आणि उत्तरं लिहायला घेत. समोरच्या खुर्चीत मी. माझं काम काय, तर ऐकायचं आणि चहा थंड होऊ द्यायचा नाही. बायको जाऊन मला नऊ वर्षं झाली आहेत, मुलगा बंगळुरात आहे, आणि रविवार हा निवृत्त माणसाचा सगळ्यात लांबलचक वार असतो. म्हणून जाऊन बसायचो, एवढंच. निदान सुरुवातीला तरी एवढंच होतं.

त्यांची उत्तरं ऐकण्यासारखी असत. 'मॅडम, तुम्हाला इतक्या सुंदर कल्पना कुठून सुचतात?' हा प्रश्न दर आठवड्याला कोणीतरी विचारीच. बाई लिहीत, 'सुचत नाहीत. सकाळी साडेपाच ते सात बसते.' एका मुलीने विचारलं, राजपुत्रासारखा पुरुष खऱ्या आयुष्यात मिळेल का? उत्तर : 'पंख असलेला मिळणार नाही. बाकीचं घरी येऊन तपासून घ्यावं.' 'त्यांचं लग्न कधी लावताय?' याला उत्तर : 'ओळख होऊन पंधराच भाग झालेत.' एका धीट वाचिकेने, कड्यावरच्या त्या चांदण्या प्रसंगात दोघांनी एकमेकांचं चुंबन का घेतलं नाही, असं विचारलं तेव्हा मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात जाणार होतो, पण बाईंनी डोळ्याची पापणीही न हलवता लिहिलं, 'त्या कड्याची समुद्रसपाटीपासूनची उंची पाहता तिथे आधीच श्वास अपुरा पडतो.' आणि 'तुम्ही स्वतः कधी प्रेमात पडला होतात का?' हा प्रश्न आला की, 'अभ्यासक्रमाबाहेरचा आहे,' असं म्हणून त्यावर काट मारत आणि पुढच्याकडे वळत.

मोजल्याशिवाय लिहायचं नाही, हे तर त्यांचं व्रतच होतं. त्यांच्या जलकन्येला एक अट होती : केस ओले आहेत तोवरच ती जमिनीवर राहू शकते. आता दुसरी एखादी लेखिका 'केस सुकू लागले तशी ती व्याकूळ झाली' असं लिहून मोकळी झाली असती. बाईंनी भर मे महिन्यात स्वतः डोक्यावरून पाणी घेतलं, गच्चीवर खुर्ची टाकली आणि मला घड्याळ धरून उभं केलं. दर पाच मिनिटांनी मी वेळ सांगायची, त्यांनी वेणीचं टोक चाचपायचं. त्यात आमचे सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. गुजराती माणूस, स्वभावाने गरीब. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अंकल, ये क्या चल रहा है?" मी म्हटलं, "बाल सुखा रहे हैं." त्यावर बिचारे एवढंच म्हणाले, "सुखाओ, पण पाणी नको पाडा हां, टेरेसला लीकेज छे." केस सुकायला अठ्ठेचाळीस मिनिटं लागली. जुलैत तोच प्रयोग पुन्हा केला तर अडीच तास. त्यामुळे त्या कथेतल्या प्रेमिकांच्या सगळ्या महत्त्वाच्या भेटी पावसाळ्यात झाल्या.

एकदा त्यांनी मला भाईंदरपलीकडच्या पालीच्या कोळीवाड्यात नेलं. जलकन्या कोळ्यांच्या जाळ्यात सापडते असा प्रसंग लिहायचा होता आणि जाळं किती वजनाला फाटतं हे त्यांना हवं होतं. भाईंदरहून बस, मग ती चिंचोळी गल्ली, दोन्ही बाजूंनी मोटारसायकली, आणि एका ओट्यावर जाळं शिवत बसलेली म्हातारी कोळीण. बाईंनी वही काढली आणि विचारलं, "समजा, जाळ्यात पंचावन्न किलोची मुलगी आली, तर जाळं टिकेल का?" म्हातारीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सुई बाजूला ठेवली आणि म्हणाली, "बाय, पोर गावली तं पयलं तिला जेवाला घालू. वजन कराला ती पापलेट हाय का?" बाईंनी वहीतला वजनांचा तक्ता खोडला, आणि पुढच्या भागात कोळणीने जलकन्येला भाकरी वाढली. तो भाग वाचून लोक रडले म्हणतात. म्हातारीला मात्र बाईंनी रीतसर आभाराचं पत्र पाठवलं, ते तिला वाचून कोणी दाखवलं असेल देव जाणे.

हे सगळं असंच मजेत चाललं असतं. पण मागच्या श्रावणात एका संध्याकाळी बाई माझ्या दारात आल्या, हातात अळूच्या वड्यांची बशी होती. त्यांची थोरली बहीण नाशिकला एकटी राहते. तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती, आणि ती बाईंना म्हणत होती की आता इथेच ये कायमची. "मी तिला सांगितलंय, कथा पूर्ण झाली की येते," बाई म्हणाल्या. "अर्धवट टाकून नाही येणार. बारा भाग राहिलेत. म्हणजे दिवाळीपर्यंत." मी म्हटलं, वा, छान, बहिणीलाही सोबत होईल. दार लावलं आणि बशी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मला त्या जायला नको होत्या. यात काही आडपडदा ठेवण्यासारखं नाही, आणि या वयात तर नाहीच. मला त्या जायला नको होत्या, बस. पण हे तोंडाने म्हणायचं कोणत्या नात्याने, इथेच घोडं पेंड खात होतं. मी त्यांचा खालच्या मजल्यावरचा शेजारी. शेजाऱ्याने वड्या खाव्या आणि बशी धुऊन परत करावी.

रात्रभर विचार केला आणि सकाळी मला एक अक्कल सुचली. बारा भाग राहिलेत खरे, पण शंका शिल्लक असेल तर पुढचा भाग येत नाही. मी मोबाइल उघडला आणि वाचक म्हणून खोट्या नावाने खातं काढलं. नाव : जिज्ञासू वाचक. गाव : वसई. खोटं बोलायचं तरी खाडी ओलांडण्यापलीकडे माझी मजल गेली नाही. आणि पहिला प्रश्न टाकला : 'राजपुत्राचे पंख पावसात भिजतात का, आणि भिजले तर किती जड होतात?'

त्या रविवारी बाईंनी तो प्रश्न मोठ्याने वाचला. मी खिडकीबाहेर पाहत बसलो. चोराच्या मनात चांदणं, तसं मला उगाच वाटत होतं की माझे कान लाल झालेत. बाई म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे. हा माणूस विचार करतो." सांगतो, शाळेत मला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. मग तीन आठवडे आम्ही कबुतरांची पिसं गोळा केली. मीरा रोडला माणसाला एक वेळ घर मिळणार नाही, पण कबुतराची पिसं मागाल तेवढी. ती घेऊन आम्ही बाजारातल्या सोनाराकडे गेलो, कारण एवढं हलकं वजन त्याच्याच काट्यावर होणार. त्याने आधी कोरडी पिसं तोलली, मग बाईंनी पर्समधून पाण्याची बाटली काढून ती त्याच्या काउंटरवर भिजवली आणि पुन्हा तोलायला दिली. तो म्हणाला, "मॅडम, इसका क्या बनाना है?" बाई म्हणाल्या, "राजकुमार." त्याने निमूटपणे तोललं.

माझी युक्ती अशी फळाला आली, पण तिचे भोग मलाच भोगावे लागले. कारण प्रश्न मी विचारायचे आणि त्यांची उत्तरं शोधायला बाई मलाच जुंपायच्या. जलकन्या डोंगरी किल्ल्याचा जिना चढते तेव्हा तिच्या हातातली पणती वाऱ्याने विझणार नाही का, असं मी वसईहून विचारलं. बाई म्हणाल्या, करून पाहू. आमची इमारत सात मजली. लिफ्ट चालू असताना मी पेटती पणती हातात धरून सात मजले चढलो, एकदा नाही, चार वेळा, आणि बाई प्रत्येक मजल्यावर ज्योत पाहून नोंद करत होत्या. पाचव्या मजल्यावरच्या बाई कचरा ठेवायला बाहेर आल्या, त्यांनी घाबरून विचारलं, "अंकल, लाइट गया क्या?" मी म्हटलं, "नहीं, प्रॅक्टिस है." रात्री गुडघ्यांना तेल चोळताना मी जिज्ञासू वाचकाला मनसोक्त शिव्या दिल्या, आणि पहाटे उठून त्याच्या नावाने पुढचा प्रश्न लिहिला.

दिवाळी आली आणि गेली. बारापैकी तीनच भाग झाले होते. बाईंनी फराळ केला, चकल्या मोडल्या म्हणून चकल्यांनाच दोष दिला. संक्रांत झाली. होळी तोंडावर आली तेव्हा पाच भाग झाले होते. इतर वाचक चिडायला लागले, 'या वसईवाल्याला कोणीतरी आवरा' असं एकीने लिहिलं. बाईंनी तिला उत्तर दिलं, 'शंका विचारणाऱ्याला हसू नये. तो आहे म्हणून कथा नीट होते आहे.' मला तेव्हा फार बरं वाटलं. इतकं की आपण काय करतो आहोत याचा विचारच मनात आला नाही.

मग एका दुपारी नाशिकहून फोन आला. बाईंनी अडीअडचणीला म्हणून माझा नंबर बहिणीला देऊन ठेवला होता. "मी तिची ताई बोलतेय," तिकडून बारीक आवाज आला. "तुम्ही खालचे ना? ती तुमच्याबद्दल सांगत असते. एक विचारू का? ती कथा साधारण कधी संपेल हो?" मी म्हटलं, चाललंय, होईल. त्या म्हणाल्या, "तिला विचारलं की ती चिडते. माझी मेलीची अंघोळीची तेवढी पंचाईत होते. कामाची बाई येते, पण परवापासून तीही आली नाही. एकटीने न्हाणीत जायची भीती वाटते बघा. पण घाई नाहीये माझी. लिहितेय तर लिहू दे तिला. नुसतं विचारलं." आणि त्यांनी माझ्याच तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला.

मी तिथेच पलंगावर बसून राहिलो. कोणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं. मी आपला पिसं भिजवत होतो आणि तिकडे सत्तर-बाहत्तर वर्षांची बाई दोन-दोन दिवस अंघोळीवाचून बसत होती, वर 'घाई नाही' म्हणत होती. त्या आठवड्यात मी प्रश्न पाठवला नाही. पुढच्याही नाही. पहिल्या रविवारी बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली आणि म्हणाल्या, "जिज्ञासू वाचकांचं काही आलं नाही." मी म्हटलं, "बाहेरगावी गेले असतील." "हं," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसल्या. दुसऱ्या रविवारी चहा त्यांनीच केला.

मग कथा धो-धो धावली. सात आठवड्यांत सात भाग. शेवट काय केला असेल? मला वाटत होतं, दोघं मरतील, नाहीतर एकाचे पंख तरी झडतील. बाईंनी त्यांना घर बांधून दिलं. भरतीची रेघ आणि ओहोटीची रेघ यांच्या मधल्या पट्ट्यात. अर्धा दिवस ते घर पाण्याखाली, अर्धा दिवस कोरडं. ज्याचं राज्य येईल त्याने चूल पेटवायची आणि दुसऱ्याने पाहुण्यासारखं राहायचं. शेवटची ओळ लिहून त्यांनी वही मिटली आणि मला म्हणाल्या, "जमतं असं. जरा ओलं राहायची तयारी हवी." मी नुसती मान हलवली. बोलायचा प्रसंग तोच होता, आज कळतंय.

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या. नाशिकची गाडी हायवेवर काशीमीऱ्याला थांबते, म्हणून सकाळी मी त्यांना रिक्षाने तिथवर सोडायला गेलो. दोन बॅगा, एक मोठा गुंडाळलेला नकाशा आणि आलेखाच्या वह्यांचं गाठोडं. पुलाखाली ट्रकांची रांग, हॉर्न, डिझेलचा धूर, माणूस शेजारी उभा असला तरी ओरडून बोलावं लागतं. गाडी यायला वीस मिनिटं होती. ती आम्ही सामान मोजण्यात घालवली. चार नग, पुन्हा चार नग. गाडी लांबून दिसली तेव्हा बाई म्हणाल्या, "जिज्ञासू वाचकांना माझा नमस्कार सांगा."

मी म्हटलं, "कोणाला?"

"तुम्हाला, अहो."

एवढ्या गोंगाटात ते मला अगदी स्वच्छ ऐकू आलं. विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच प्रश्नाला. भिजलेल्या पंखांचं वजन दुसरं कोण विचारणार?"

"मग बोलला का नाहीत? दिवाळीला संपायची ती कथा. एवढे महिने गेले तुमचे."

बाईंनी पदर खांद्यावर नीट केला. गाडी जवळ आली होती आणि त्या तिच्याकडेच पाहत होत्या. म्हणाल्या, "मलाही कुठे घाई होती."

मग माझ्याकडे वळून, वर्गातल्या मुलाला दटावतात तशा आवाजात म्हणाल्या, "ताईला मात्र हे कधी कळता कामा नये. तिचे आपण दोघंही अपराधी आहोत." क्लीनरने बॅगा डिकीत टाकल्या, बाईंनी नकाशा कोणाला देऊ दिला नाही, तो छातीशी धरून त्या वर चढल्या. खिडकी माझ्या बाजूची नव्हती. गाडी गेली तेव्हा मी धुरातच थोडा वेळ उभा होतो, मग परतीच्या रिक्षेत बसलो.

आता त्यांचा रविवारी दहाला फोन येतो. ताई बऱ्या आहेत, काठी सोडून चालतात, आणि दोघी बहिणींचं रोज भाजीवरून वाजतं. नवीन लिहायला घेतलेलं नाही. मी इकडचं सांगतो : गच्चीचं लीकेज अजून तसंच आहे, तुमच्या फ्लॅटमध्ये एक जोडपं भाड्याने आलंय, चांगलं आहे, आवाज करत नाही. फोन ठेवला की घर फार शांत होतं, आणि मला त्यांची आठवण येते, वाईट येते. गेल्या रविवारी मी फोन ठेवणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुम्ही इकडे राहायला का येत नाही? आमच्या मागच्या गल्लीत एक खोली रिकामी आहे. ताईच म्हणत होती." मी म्हटलं, बघतो. सहा-सात महिन्यांत मी त्यांना चाळीसएक प्रश्न विचारले असतील, सगळे खोट्या नावाने, आणि त्यांनी एकेकाचं मोजूनमापून उत्तर दिलं. त्यांनी मला आजवर हा एकच विचारलाय, स्वतःच्या नावाने, आणि उद्या पुन्हा रविवार आहे.